वॉशिंग्टनचा कालवा : धबधबा ओलांडला, मग घोडं कुठं अडलं?

अबोली_व्हर्जिनिया

आईबाबा इथे आले की पहिल्या आठवड्यात व्हाइट हाउस, दुसऱ्यात म्युझियमं आणि तिसऱ्यापासून "आता कुठं नेऊ" हा प्रश्न. या भागातल्या मराठी घरांना हे वेळापत्रक पाठ आहे. या वेळी ग्रेट फॉल्सला नेलं. पोटोमॅक नदी तिथे मैलभराच्या आत जवळजवळ ७६ फूट खाली उतरते. आपल्याकडच्यासारखी एकच धार नाही, खडकांवरून आदळत आपटत येते. आई कठड्यापाशी फोटो काढत होती आणि बाबा धबधब्याकडे पाठ करून झाडीतल्या एका कोरड्या चराकडे बघत उभे. (बाबा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत. त्यांना पाणी दाखवलं की ते उतार विचारतात.)

तो चर म्हणजे पोटोमॅक कंपनीचा कालवा. १७८५ मध्ये कंपनी निघाली, पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष झाला नव्हता, युद्ध संपवून घरी आला होता. नदीतून माल आणायचा तर वाटेत पाच ठिकाणी खडकाळ उतार, म्हणून प्रत्येक ठिकाणी बगल देणारा कालवा. त्यातलं ग्रेट फॉल्सचं काम सगळ्यात अवघड. पाच लॉक, खालची तर सरळ कड्यात सुरुंगाची दारू भरून फोडलेली. काम सुरू झालं १७८५-८६ ला, नावा जायला लागल्या १८०२ मध्ये. वॉशिंग्टन १७९९ मध्येच गेला होता. आणि १८२८ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला.

बाबांनी कालव्याच्या तोंडाशी जाऊन बघितलं, नदीत तिरका घातलेला बांध बघितला आणि मला विचारलं, "वर धरण कुठंय?" म्हटलं, तेव्हाचं तर नसावं. "मग चालायचं नाही हे," म्हणाले आणि चहा कुठे मिळेल ते बघायला निघून गेले.

तर मंडळी, प्रश्न असा. धबधब्याला वळसा घालायचा होता, तो घातला. लॉक चालली. मग कंपनी बुडाली का? आणि बाबांना धरण का हवं होतं? ते स्वतः सांगणार नाहीत, "विचार कर" म्हणतात.

तिखटमीठ

वाचतेय. फोटो टाका. धबधब्याचा आणि चराचाही.

चहा_कटिंग

लॉक म्हणजे कुलूप का? मग किल्ली कोणाकडे असायची? 😀

पाणचक्की

किल्ली गुरुत्वाकर्षणाकडे.

गंमत सोडा. दोन्ही टोकांना दारं असलेला लांब दगडी हौद डोळ्यांसमोर आणा. नाव वरच्या बाजूने आत आली की मागचं दार लावायचं आणि पुढच्या दारातली झडप उघडायची. हौदातलं पाणी खालच्या टप्प्यात जातं, नाव पाण्याबरोबर अलगद खाली बसते. दोन्हीकडची पातळी एक झाली की पुढचं दार उघडतं. पंप नाही, इंजिन नाही. वर चढायचं तर हेच उलटं. पाच हौद आणि ७६ फूट म्हणजे हौदामागे सरासरी पंधरा फूट. सात मजली इमारतीच्या गच्चीवरून गव्हाच्या पिठाची पिंपं पाच लिफ्टनी तळमजल्यावर आणल्यासारखं आहे हे.

आता यातली मेख. दर वेळी एक हौदभर पाणी खाली जातं, परत येत नाही. बाबांचा धरणाचा प्रश्न याच्याशी असावा.

अबोली_व्हर्जिनिया

@पाणचक्की, मलाही तेच वाटलं होतं. विचारलं. "ते पाणी कितीसं लागतंय," म्हणाले. म्हणजे उत्तर चूक.

जुनी_पोथी

छान धागा. या कालव्याचं महत्त्व मालवाहतुकीपेक्षा राजकारणात जास्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सप्टेंबर १७८४ मध्ये वॉशिंग्टन घोड्यावरून ॲलेगेनी डोंगरापलीकडचा प्रदेश बघून आला. तिथे वस्ती वाढत होती, पण त्या लोकांना माल विकायला सोयीचे रस्ते दुसऱ्यांच्या हातात होते. खाली मिसिसिपीचं मुख स्पेनकडे, वर मोठी सरोवरं इंग्रजांच्या शेजाराला. परत आल्यावर त्याने व्हर्जिनियाच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं, त्यात म्हटलंय की पश्चिमेकडचे लोक काट्याच्या टोकावर उभे आहेत, एक पीस टेकलं तरी कुठेही कलतील. त्यांना व्यापाराने बांधून घ्यायला हवं. पोटोमॅक वर नेऊन, मध्ये थोडी खुश्कीची वाट ठेवून, ओहायोच्या पाण्याला जोडायची हा त्याचा बेत.

पण पोटोमॅक दोन राज्यांच्या सीमेवर. मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोघांनी परवानगी दिल्याशिवाय दगड हलणार नाही. कंपनीला सनद दोन्हीकडून मिळाली. नदीवरच्या हक्कांचं आणि जकातीचं बोलणं करायला मार्च १७८५ मध्ये दोन्हीकडचे प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इथल्या घरी बसले. ते जमलं, तेव्हा लोकांना वाटलं, हे दोन राज्यांत होतं तर सगळ्यांत का नको? म्हणून सप्टेंबर १७८६ मध्ये ॲनापोलिसला बैठक. तिथे पाचच राज्यं आली, पण त्यांनी पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाला सगळ्यांनी या असं सुचवलं. फिलाडेल्फियात १७८७ मध्ये जे लिहिलं गेलं ते अमेरिकेचं संविधान. नदीच्या भांडणातून संविधान निघालं असं म्हणायला हरकत नाही.

हिशोबनीस

हरकत आहे. @जुनी_पोथी, साखळी बरोबर आहे, पण कडी आणि कारण यांत फरक असतो. युद्धाचं कर्ज फिटत नव्हतं, केंद्राला कर लावता येत नव्हता, १७८६ च्या शेवटी मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केलं. फिलाडेल्फियाची बैठक कालवा नसता तरी कुठून तरी निघालीच असती.

दुसरं, देशाच्या एकीचं पीस वगैरे ठीक, पण साहेबांच्या स्वतःच्या हजारो एकर जमिनी पश्चिमेला होत्या. रस्ता झाला की जमिनीचा भाव वाढतो हे आपल्याकडे तलाठ्यालासुद्धा कळतं. समृद्धी महामार्ग कुठून जाणार हे आधी कळलेली मंडळी आठवा.

जुनी_पोथी

जमिनी होत्या, मान्य. पण त्याच माणसाला व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने या कंपनीचे ५० शेअर भेट दिले, तेव्हा तो संकोचला आणि ते सार्वजनिक कामालाच लावायचे या बोलीवर घेतले. मृत्युपत्रात त्याने ते राष्ट्रीय विद्यापीठासाठी ठेवले.

हिशोबनीस

आणि ते विद्यापीठ कुठे आहे?

जुनी_पोथी

नाही झालं कधीच. शेअरची किंमत शून्य झाली.

हिशोबनीस

मी हिशोबनीस उगाच नाही.

चहा_कटिंग

🤣🤣 पोथीकाका गारद.

उंबरठा

इतका वेळ वाचतेय आणि खोदलं कोणी हे अजून कोणी लिहिलं नाही. "वॉशिंग्टनने कालवा बांधला" हे "शहाजहानने ताज बांधला" सारखंच वाक्य आहे.

खोदणाऱ्यांत मजुरीवरचे लोक होते, करारावर बांधून आणलेले गोरे नोकर होते, त्यात आयरिश पुष्कळ, आणि मालकांकडून भाड्याने घेतलेले काळे गुलाम होते. त्यांच्या कामाचे पैसे मालकाच्या खिशात. करारावरचे लोक पळून जायचे, म्हणून कंपनीने त्यांची डोकी आणि भुवया भादरायचं फर्मान काढलं होतं. पळाला तर लांबून ओळखू यावा. काळ्या दारूचे सुरुंग तेव्हा अमेरिकेत बांधकामाला नवे होते, म्हणजे कुठला कधी उडेल याचा भरवसा नाही, आणि हे सगळं फेसाळत्या नदीच्या कडेला. अबोली, पुढच्या वेळी जाशील तेव्हा लॉकच्या भिंतीवरचे दगड नीट बघ. पाथरवटांनी आपापल्या खुणा कोरलेल्या आहेत. त्या कामगारांच्या हातचं तेवढंच नजरेला पडतं.

अबोली_व्हर्जिनिया

@उंबरठा, बरोबर बोललीस, मी लिहायला हवं होतं. खुणा बघितल्या. तांबूस दगड आहे, वरच्या बाजूच्या सेनेका इथल्या खाणीतला. एक खूण अगदी बाणासारखी होती, बाबांनी त्यावर बोट फिरवून बघितलं.

आणि कालव्याच्या कडेला मटिल्डाविल नावाचं गाव होतं, त्याचे आता नुसते चौथरे आणि एका चुलाण्याची भिंत उरलीय. 'लाइट हॉर्स हॅरी' ली नावाच्या सेनानीने वसवलं आणि पहिल्या बायकोचं नाव दिलं. कालवा बंद पडला, गाव झाडीत गेलं.

तिखटमीठ

आमच्याकडे बायकोच्या नावाने फार तर बंगला बांधतात. तोही कर्जात.

स्टॉकहोमचा_सदू

धबधब्याला बगल द्यायचे उद्योग त्या वीसपंचवीस वर्षांत सगळीकडे चालले होते. आमच्या स्वीडनमध्ये ट्रोलहेट्टनला १८०० मध्ये लॉक सुरू झाली. पुढे बोटी मोठ्या होत गेल्या म्हणून १८४४ मध्ये दुसरी केली, १९१६ मध्ये तिसरी. जुन्या दोन्ही अजून शेजारी बघता येतात, आजोबा-बाबा-नातू ओळीत उभे असल्यासारख्या. नायगाराला वळसा घालणारा वेलंड कालवा १८२९ चा, तोही पुन्हा पुन्हा बांधत आजपर्यंत चालू. मॅसॅच्युसेट्समध्ये साउथ हॅडलीला तर १७९५ मध्ये लॉकऐवजी उतरंड केली होती, नाव चाकांच्या पेटाऱ्यात घालून पाणचक्कीच्या जोरावर ओढायचे.

म्हणजे कल्पना वाईट नव्हती. पोटोमॅकचंच काय बिनसलं?

पाणचक्की

पाणचक्की! माझं नाव निघालं. 🙏

मुक्काम_अहेरी

धागा परवापासून वाचतो आहे. सगळे अमेरिका आणि स्वीडनला पोचले, म्हणून आता घरचं सांगतो. हाच उद्योग आमच्या दारात झाला आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या लोकांना सोडून फार कुणाला ठाऊक नसतं. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचापाशी गोदावरीला मिळते, थोडं खाली इंद्रावती येते. खाली आंध्रात गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा करणारे सर आर्थर कॉटन यांच्या डोक्यात होतं की या वाटेने वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस नावेने थेट समुद्रापर्यंत न्यायचा. मधे तीन ठिकाणी नदी खडकात अडकते. इंग्रज त्यांना 'बॅरियर' म्हणायचे. खालून वर मोजायचे : पहिला भद्राचलमच्या वर दुम्मुगुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ इच्चमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. देवलमरी आमच्या अहेरी तालुक्यात येते. उन्हाळ्यात जाऊन बघा, पात्रभर खडकांची पाठ वर आलेली असते.

उपाय तोच, वॉशिंग्टनचा. खडकाच्या बाजूने कालवा आणि लॉक. १८६० मध्ये सिरोंचा निजामाकडून इंग्रजांकडे आलं आणि 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा झाला, त्याचं ठाणं सिरोंचा. आज तिकडे बदली झाली की लोक रडतात, तेव्हा तिथून समुद्रापर्यंत जलमार्गाची स्वप्नं बघत होते. हेग नावाचे इंजिनिअर साहेब कामावर होते. अमेरिकेत यादवी पेटली, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरला आपल्या कापसाची गरज पडली, म्हणून जोर आणखी वाढला. दुम्मुगुडेमचं काम उभं राहिलं, बंधारा अजून आहे. वरची दोन कामं अपुरीच राहिली. १८७१ मध्ये सरकारने सगळंच थांबवलं.

चहा_कटिंग

कापसासाठी नदी फोडणाऱ्या साहेबाचं आडनाव कॉटन! वरच्यालाही विनोदबुद्धी आहे.

हिंगणघाटचा_बंड्या

हाव ना! अन् तो कापूस म्हणजे आमचाच. हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्रजांच्या बाजारात गाजत होतं. पण नावेची वाट कोन पाहत बसते? रेल्वे १८६७ मध्ये नागपूरले पोचली, पुढच्या काही वर्षांत वर्ध्याहून फाटा हिंगणघाटले आला. गाठोडी डब्यात टाकली का मुंबई. तीन ठिकानी खडक, मधात रेती, त्याच्यात जंगलातला ताप, कोन जाते बावा तिकडं.

हिशोबनीस

@बंड्या, म्हणजे दोन्हीकडे रेल्वेने मारलं. पोटोमॅकलाही तेच झालं असणार.

जुनी_पोथी

आता माझी पाळी, हिशोबनीस. तारखा बघा. पोटोमॅक कंपनी बुडाली १८२८ मध्ये. बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसला तोच ४ जुलै १८२८ ला. जी गाडी अजून सुटलीच नव्हती तिने कंपनी कशी मारली?

त्याच दिवशी, त्याच नदीच्या मेरीलँडच्या काठावर राष्ट्राध्यक्ष ॲडम्सने चेसापीक-ओहायो कालव्यासाठी कुदळ मारली. पोटोमॅक कंपनीची सनद आणि मालमत्ता या नव्या कंपनीने घेतली. रेल्वेने मारलं ते या दुसऱ्या कालव्याला. कंबरलंड गावी रेल्वे १८४२ मध्ये पोचली, कालवा रखडत १८५० मध्ये. ७४ लॉक बांधूनही डोंगर ओलांडून ओहायोला तो कधी गेलाच नाही. तरी पुरांचे तडाखे खात १९२४ पर्यंत कोळसा वाहत राहिला.

हिशोबनीस

एक-एक बरोबरी. चहा माझ्याकडून.

दगडूशेठ_नव्हे

या निमित्ताने मेडिगड्डाबद्दल कोणी बोलणार आहे का? २०१९ मध्ये सिरोंचासमोर एवढं मोठं बॅरेज उभं केलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरात खांब खचले. इंग्रजांचे बंधारे दीडशे वर्षं उभे आहेत आणि

मुक्काम_अहेरी

@दगडूशेठ_नव्हे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे सुरू झालं तर तीनशे प्रतिसाद होतील आणि अबोलीताईंच्या बाबांचं उत्तर राहून जाईल.

झाडपाला

मूळ प्रश्नाकडे येते. मी त्या भागात दहा वर्षं राहिले, हायकिंगला दर महिन्याला जायचे. काठावर एक खांब आहे, त्यावर कुठल्या पुरात पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा आहेत. १९३६ ची खूण डोक्याच्या कितीतरी वर. आणि ऑगस्टमध्ये तीच नदी अशी असते की वरच्या भागात खडकावरून खडकावर उड्या मारत जावं. बहुतेक उत्तर इथेच आहे. कालवा धबधब्यापाशी होता, बाकीचा प्रवास नदीतूनच होता ना?

पाणचक्की

शाब्बास! सापडलं. मी हौदात अडकलो होतो.

पाचही कालवे नुसते तुकडे होते. वरच्या कंबरलंडपासून खाली वॉशिंग्टन शहरालगतच्या जॉर्जटाउन बंदरापर्यंत पावणेदोनशे मैलांच्या वर प्रवास, त्यातले कालव्यातले मैल अगदी थोडे, बाकी सगळं उघडं पात्र. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की नाव खडकाला घासते, पूर आला की थांबत नाही. वर्षातून जेमतेम महिना-दोन महिने नीट वाहतूक व्हायची. दहा महिने लॉकच्या राखणदाराला पगार आणि टोल शून्य. त्या टोलमधून कर्जाचं व्याजही भागेना.

शिवाय धंदा एकतर्फी. खाली यायला तीन दिवस, वर जायला बांबूने रेटत दहाबारा. म्हणून बरेच लोक पीठ, व्हिस्की, तंबाखू, लोखंड घेऊन यायचे, जॉर्जटाउनला माल विकायचे, मग नावही मोडून लाकूड म्हणून विकायची आणि चालत घरी. रिकाम्या कालव्यावर टोल कोण देणार?

चहा_कटिंग

गाडी विकून पायी घरी. आमच्या एका काकांनी पुण्याच्या ट्रॅफिकला वैतागून हेच केलं होतं.

मुक्काम_अहेरी

@पाणचक्की, गोदावरीचंही शब्दशः हेच. तीन खडकांचा बंदोबस्त केला तरी मधलं पात्र आहेच. पावसाळ्यात आणि नंतर काही महिने पाणी, मग रेती. प्राणहितेत मे महिन्यात लोक पायी पलीकडे जातात. नकाशावर खडक दिसतो, म्हणून त्याच्यावर पैसा लागतो. रेती नकाशावर दिसत नाही.

स्टॉकहोमचा_सदू

आणि म्हणून ट्रोलहेट्टन चाललं! धबधब्याच्या वर व्हेनर्न सरोवर आहे, युरोपातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. वेलंडच्या वर अख्खं ईरी सरोवर. वरच्या अंगाला निसर्गाचं धरण. बाबांना सलाम.

अबोली_व्हर्जिनिया

काल रात्री बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. चष्मा काढून ऐकत होते. झाडपाला आणि सदू यांना पूर्ण मार्क, पाणचक्कीला उशिरा पेपर दिल्याबद्दल एक कापून.

त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत : "नदीतला तो तिरका बांध नुसता पाणी वळवतो. साठवत नाही. नीरेवर आम्ही काय केलं? वीरला पाणी वळवून डाव्या कालव्यात घातलं, पण साठवलं वर भाटघरला. भाटघर नसतं तर डिसेंबरनंतर कालवा म्हणजे गुरं चरायला बरा. इथे वर काहीच नव्हतं. नदी देईल तेव्हा घ्यायचं. म्हणून पुढच्या लोकांनी काय केलं बघ, नदीचा नादच सोडला, काठाने सबंध वेगळा कालवा खणला आणि जागोजागी बांध घालून त्याला पाणी पुरवलं."

मी विचारलं, मग वॉशिंग्टनचं काम फसलं म्हणायचं? तर म्हणाले, "फसलं कसं? सव्वीस वर्षं नावा गेल्या. उद्घाटनाचा नारळ वाळायच्या आत कोरड्या पडलेल्या चाऱ्या मी बघितल्यात. लॉकचा सांधा बघितलास? अजून पातं जात नाही फटीत. हिशोब चुकला, काम नाही चुकलं."

यावर उंबरठाने लिहिलेलंही वाचून दाखवलं, भुवयांचं. त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रविवारी परत जाऊ, त्या खुणांचे नीट फोटो काढायचेत.

उंबरठा

काढा आणि इथे टाका. वाट बघते.

झाडपाला

रविवारी सकाळी लवकर जा, दहानंतर गेटपाशी गाड्यांची रांग लागते. चहा थर्मासमध्ये घेऊन जा. बाबांना तिथला आवडणार नाही.

मुक्काम_अहेरी

मीही मे महिन्यात देवलमरीला जाऊन खडकांचे फोटो टाकतो. तिथल्या डोंगेवाल्या म्हाताऱ्यांना विचारून बघतो, इंग्रजांच्या कामाचं काही ऐकलंय का.

अबोली_व्हर्जिनिया

नक्की टाका. बाबा शेजारीच बसलेत, विचारताहेत, "वर धरण आहे का?"

मुक्काम_अहेरी

त्यांना सांगा, आमचं खाली आहे.